आबाजींची जागा

पुष्करला सर्व्हरशी जोडता येत नव्हतं, आणि निरंजन काळमेघच्या मते दोष पुष्करचाच होता.

"भाऊजी, तुम्ही दिलेलाच आकडा टाकलाय," पुष्कर हैदराबादहून फोनवर सांगत होता. "या पत्त्यावरून उत्तर येत नाही, एवढंच म्हणतंय."

"मधली टिंबं बघ नीट."

"टिंबं पाहिली हो. ताईलाही वाचून दाखवली."

ताई म्हणजे निरंजनची बायको कल्याणी. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "त्याने बरोबर टाकलंय. तुम्ही तुमचं बघा."

निरंजन अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. एखादं यंत्र बंद पडलं की चूक चालवणाऱ्याची, हे त्याचं पहिलं निदान असे, आणि बरेचदा ते खरंही निघे. शिवाय सर्व्हर त्याने स्वतः उभा केला होता. नाशिकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटावर एक जुना संगणक रात्रंदिवस घुं घुं करत असायचा, आणि त्याच्यावर काळमेघांचा मेंढीकोट चालायचा.

मेंढीकोट म्हणजे चौघांचा, दोन जोड्यांचा पानांचा खेळ. मेंढी म्हणजे दहाचं पान. चारही मेंढ्या एका जोडीने ओढल्या की समोरच्यांवर कोट चढतो आणि ते आठवडाभर तोंड लपवतात. निरंजनचे वडील वासुदेवराव अकोटला एकटे राहायचे. ते कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन दारोदार फिरण्यात सगळी नोकरी गेली, आणि उरलेला वेळ मेंढीकोटात. बाजारात मिळणाऱ्या खेळात बंद हुकमाचा, म्हणजे हुकूम झाकून ठेवायचा, नियम त्यांच्या मनासारखा नव्हता, आणि दर डावानंतर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात लागायची. "मले तेल लावाचं नाही, खेळाचं आहे," असं म्हणून त्यांनी तो खेळ बंद केला. मग निरंजनने घरचाच सर्व्हर मांडला. डोळ्यांवर खेळाचा चष्मा चढवला की चौघं एकाच सतरंजीवर बसलेले दिसत. निरंजन आणि कल्याणी एका बाजूला, वासुदेवराव आणि नात रेवती दुसऱ्या बाजूला. रेवती बारावीला होती. ती त्यांना विदर्भातल्या रिवाजाने आबाजी म्हणायची, आणि दोघं मिळून निरंजनवर कोट चढवायचे.

अडचण होती अकोटच्या नेटची. ते सारखं अडखळायचं. असं झालं की खेळाचे सर्व्हर फार पूर्वीपासून एक युक्ती करत आलेत. शर्यतीच्या खेळात दूरच्या खेळाडूची माहिती क्षणभर आली नाही, तर सर्व्हर त्याची गाडी अंदाजाने पुढे पळवतो. माहिती आली की ती जागेवर आणतो, आणि मधली फट कोणाला कळत नाही. हीच युक्ती आता माणसांपर्यंत पोचली होती. 'सांधणी' नावाचा एक प्रोग्राम निघाला होता. तो खेळाडूचा आवाज, हातवारे, कोणत्या पानावर तो किती रेंगाळतो, कधी खाकरतो, हे सगळं शिकून ठेवायचा आणि नेट अडखळलं की तेवढ्यापुरता त्याच्या जागी बोलायचा, खेळायचा. काही सेकंदांत खरी माहिती आली नाही, तर त्या खेळाडूची आकृती करडी व्हायची आणि खाली 'संपर्क तुटला' असं दिसायचं.

ही सेकंदांची मर्यादा निरंजनने काढून टाकली होती. अकोटला वीज जायची, आबाजी करडे पडायचे, रेवती चिडायची, डाव मोडायचा. त्याने सांधणीच्या मांडणीत जाऊन तो आकडा पुसला. काम फत्ते झालं म्हणून त्या दिवशी कल्याणीकडून मुद्दाम चहाही करून घेतला होता.

तर आता पुष्कर. दिवाळीत तिघा-तिघांच्या दोन बाजू करून सहा जणांचा डाव मांडायचं ठरलं होतं. पुष्कर आणि त्याची बायको हैदराबादहून बसणार होते आणि आजची रविवारची दुपार फक्त जोडून बघण्यासाठी होती. निरंजनने संगणकावर तपासणी सुरू केली. सर्व्हर चालू होता. राउटरमधून आत येण्याची वाट मोकळी होती. घरातले तिन्ही चष्मे व्यवस्थित जोडले जात होते. मग त्याने राउटरचं पान उघडलं आणि बाहेरच्या पत्त्याचा आकडा वाचला. त्याने पुष्करला दिलेला आकडा वेगळा होता.

घरातल्या यंत्रांचे पत्ते घरापुरते असतात, सोसायटीतल्या फ्लॅटच्या नंबरासारखे. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता मात्र नेटची कंपनी देते, आणि तो कायमचा नसतो. राउटर बंद करून पुन्हा चालू केला, की कंपनी हाताला लागेल तो दुसरा पत्ता देऊन टाकते. घरातल्यांना याचा पत्तादेखील लागत नाही, कारण ते आतून जोडलेले असतात. बाहेरचा माणूस जुन्या जागी जाऊन उभा राहतो. हे सगळं निरंजनला ठाऊक होतं. कायमचा पत्ता घेऊ, घेऊ म्हणत राहून गेला होता.

"पुष्कर, नवा आकडा घे," तो म्हणाला. पुष्करचं काम एका क्षणात झालं. "बघा, मी म्हणत होतो ना," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

निरंजन पडद्याकडे बघत बसला. बाहेरचा आकडा बदलला होता. अकोटच्या चष्म्यात जुना आकडा त्याने स्वतः, अक्षय्यतृतीयेला गेला तेव्हा, घालून दिला होता. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

मग बाबा रोज कसे येत होते?

राउटर बंद झाला होता तो गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, आणि बंद करणारा निरंजनच होता.

त्या संध्याकाळी वासुदेवरावांनी बदामाच्या जागी चौकट टाकली होती, तीही दुसऱ्यांदा. रेवती हसली, तसे ते पानं खाली ठेवून म्हणाले, "लाल पानं मले सारखीच दिसून राहिली, निरू. डाव्या डोळ्यानं तर धूरच दिसते. इथल्या डॉक्टरनं सांगतलं, मोठ्या ठिकाणी दाखवा. तिकडं येतो म्हणतो."

"दिवाळीनंतर या ना बाबा. आत्ता घरात रंगकाम काढलंय. रेवतीची परीक्षा आहे."

"मी काय भिंती रंगवाले येऊन राहिलो काय?"

"तसं नाही. सामान सगळं बाहेर आहे. तुमचीच गैरसोय होईल."

"माझी कायची गैरसोय? तुले मी नको असन तर तसं सांग सरळ."

"तुमचं प्रत्येक वेळी हेच. आईच्या वेळीही तुम्ही असंच..."

"आईच्या वेळी काय?"

या प्रश्नाला निरंजनकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं धैर्य नव्हतं. आईला वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही म्हणून तो बापावर मनातल्या मनात वर्षानुवर्षं डूख धरून होता. तो उठला, चपलांच्या कपाटापाशी गेला आणि राउटरचा खटका खाली केला.

"नेट गेलं," त्याने चष्मा काढत जाहीर केलं. रेवती त्याच्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बोलणी ऐकायच्या तयारीने डावाला बसला. बाबा आपल्या जागी मांडी घालून बसलेले होते. "वाट लवकर," ते म्हणाले, "का मुहूर्त पाहून राहिला?" डोळ्याचा विषय नाही, यायचा विषय नाही, आईचा तर नाहीच. कल्याणी नंतर म्हणाली, "राग गेला वाटतं त्यांचा." "बाबांचं असंच आहे, आला तसा जातो," असं म्हणून निरंजन शांत झोपला.

मधे एकदा त्याने विचारलंही होतं. "डोळे कसे आहेत, बाबा?" ते म्हणाले, "आहे, चाललं. हुकूम बोल." आणि खरोखरच लाल पानांची गल्लत बंद झाली होती. पूर्वीसारखी पटापट पानं पडत होती. डोळे सुधारले, असा निष्कर्ष निरंजनने काढला. कारखान्यात बिघडलेलं यंत्र आपोआप दुरुस्त झालं असतं, तर तो कारण सापडेपर्यंत जेवला नसता. इथे कारण शोधावंसं त्याला वाटलं नाही, कारण निष्कर्ष सोयीचा होता.

"बाबा, चला ना," रेवतीने हाक मारली. रविवारी दुपारच्या जेवणानंतर एक डाव असायचाच. कल्याणी आणि रेवती चष्मे लावून बसल्या होत्या. निरंजनने चष्मा चढवला. समोर वासुदेवराव होते, धोतराचा सोगा मांडीखाली घेत.

"आज मालकाले वेळ झाला," ते म्हणाले.

"एक मिनिट, बाबा."

तो चष्म्यासकट उठला. चाचपडत कपाटापाशी गेला, आणि भिंतीतून राउटरमध्ये येणारी बाहेरची तार त्याने उपटून काढली. घरातल्या घरात चष्मे जोडलेलेच राहणार होते, पण या तारेशिवाय बाहेरच्या जगातलं एक अक्षर आत येणं शक्य नव्हतं. राउटरवर लाल दिवा लागला. तार त्याच्या हातात लोंबत होती.

"काय करून राहिला तिकडं?" वासुदेवराव मान वळवून म्हणाले. "पानं वाट. रेवा, आज तुझ्या बापावर कोट चढवू."

रेवतीने चष्मा काढला. लाल दिवा पाहिला, तार पाहिली. "बाबा, मग आबाजी कोण आहेत?" ती म्हणाली.

निरंजन तिथेच खाली बसला. काय झालं असणार, ते त्याला सगळं एकदम कळलं. त्या संध्याकाळी डाव अर्धवट होता. सांधणीच्या लेखी बाबा उठून गेलेच नव्हते. त्यांचं नेट अडखळलं होतं, आणि खरी माहिती येईपर्यंत फट भरणं हे तिचं काम होतं. किती वेळ भरायची याची मर्यादा त्याने पुसली होती. दिवेलागणीला आणि रविवारी दुपारी ते बसतात, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती त्यांना त्या वेळी बसवत होती. ती बऱ्याच वर्षांची सवय शिकली होती. धूसर डोळे शेवटच्या काही दिवसांतले, आणि भांडण तर एकदाच झालेलं. सवयीच्या हिशेबात असल्या गोष्टी चुकार म्हणून गळून जातात.

"बाबा," त्याने विचारलं, "गणपती उठल्यावर आपलं भांडण झालं होतं. आठवतं?"

"जाऊ दे न," सतरंजीवरचे वासुदेवराव हात झटकून म्हणाले. "हुकूम बोल."

हेच ऐकायला मिळावं म्हणून तो इतके दिवस या सतरंजीवर बसत होता. खरं सांगायचं तर त्याला हे बाबा आवडले होते. ते येतो म्हणत नव्हते, आजारी पडत नव्हते, आईचं नाव काढू देत नव्हते. त्याला स्वतःची किळस आली.

कल्याणी चष्मा हातात घेऊन बसली होती. "तुम्ही शेवटचा फोन कधी केला त्यांना?" तिने विचारलं.

"रोज तर बोलत होतो."

"हो," ती म्हणाली. "मीही तेच म्हणत होते स्वतःशी."

त्याने सर्व्हर बंद केला. बंद होताना वासुदेवराव "उद्या बसू" म्हणाले, तेही नेहमीच्या सवयीप्रमाणे. मग चष्मा काढून त्याने अकोटला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"कोण बोलते?" आवाज तोच होता, पण जरा जपून बोलणारा.

"मी निरंजन, बाबा. नाव दिसलं नाही का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बोला."

बापाने त्याला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. फोनचा स्पीकर चालू होता. कल्याणीने पदर तोंडाला लावला.

"बाबा, तुम्ही डावाला... म्हणजे तुमचं जोडलं जात नव्हतं का?"

"मी येत होतो. रोज चष्मा लावून बसत होतो. उत्तर नाही, म्हणे. काही दिवस बसलो, मग समजलं." ते शांतपणे सांगत होते, त्याला रागावतसुद्धा नव्हते. "कोर्टात असताना लय पाहिलं हे. माणूस आत जेवत असते अन् पोरगं दारात येऊन सांगते, घरी नाहीत. तेव्हा नोकरी होती, तर पुन्हा जाऊन कडी वाजवत होतो. आता कायले वाजवू?"

"तसं नाही बाबा. नेटच्या कंपनीने पत्ता बदलला. म्हणजे ते आपोआप..."

रेवती समोर उभी होती. ती त्या दिवशीसारखीच त्याच्या हाताकडे बघत होती. त्याने ते वाक्य सोडून दिलं.

"मी खटका बंद केला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी नेट गेलं नव्हतं. मीच बंद केलं. त्याने पत्ता बदलला आणि माझ्या ध्यानातच आलं नाही."

"खटक्याचा आवाज आला होता मले," वासुदेवराव म्हणाले. "डोळे अधू झाले, कान आहेत न."

दुसऱ्या दिवशी निरंजनने रजा टाकली, गाडीने अकोला गाठलं आणि तिथून बस धरून अकोट. दार आतून लावलेलं होतं. त्याने कडी वाजवली. आतून हालचाल ऐकू आली, पण कोणी आलं नाही. तो तसाच उभा राहिला आणि पुन्हा वाजवली. मग भिंतीला हात लावत लावत आलेली पावलं ऐकू आली आणि दार उघडलं.

वासुदेवराव वाळले होते. दाढी एका गालावर नीट केलेली, दुसऱ्या गालावर पांढरे खुंट राहिलेले. डावा गाल होता तो.

"ये," ते म्हणाले. अहोजाहो गेलं, एवढ्यानेही निरंजनचे डोळे भरून आले. तो पाया पडला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला.

ओसरीवर बसल्यावर त्याने सगळं सांगितलं. सांधणी काय असते, त्याने मर्यादा कशी पुसली, तार उपटल्यावर काय दिसलं. साक्षीदाराची जबानी ऐकावी तसे ते मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे माझ्या जागी मशीन बसत होती."

"हो."

"हारत होती का जिंकत?"

"जिंकत होती. लाल पानांत एकदाही चुकली नाही."

"अन् तुमच्यातल्या कोणाले शंका नाही आली." ते थोडं हसले. ते हसणं निरंजनला रागावण्यापेक्षा जड गेलं. "डोळ्याचं विचारलं होतं कोणी त्याले?"

"मी विचारलं होतं एकदा."

"काय म्हणाला तो?"

"आहे, चाललं."

"बरोबर सांगतलं त्यानं," वासुदेवराव म्हणाले. "मीही तेच म्हटलं असतं. पहिल्यांदा विचारलं का कोणीच खरं सांगत नाही, निरू. आरोपी नाही, फिर्यादी नाही, कोणीच नाही. म्हणून तर आम्हाले एकाच दारावर दोनदा जा लागत होतं."

शेजारच्या घरात कोणीतरी मिरच्या भाजत होतं. निरंजनला ठसका लागला. तो आवरेपर्यंत त्याने वाट पाहिली.

"डोळा कसा आहे, बाबा?"

"आहे. चाललं."

निरंजन उठला नाही. बापाच्या हाताशी सरकून बसला.

"बाबा, डोळा कसा आहे?"

वासुदेवरावांनी हातातला पंचा मांडीवर घडी करून ठेवला. "काचबिंदू निघाला," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात अकोल्याले जाऊन आलो, एकटाच. उजवा वाचन म्हणे, औषध टाकत राहिलं तर. डाव्यासाठी म्हणे, आजोबा, महिनाभर आधी याचं होतं."

त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि चेहरा निरंजनकडे वळवला. पण थोडा चुकून, त्याच्या खांद्याच्या पलीकडे, दाराच्या बाजूला.

"हे पाह्य," ते म्हणाले. "असा हात ठेवला का तू नाहीस."